एकशेचाळीस रुपये फूटवाल्यांना अनावृत पत्र

माननीय कुंपणवाले भाऊ यांस,


लग्नपत्रिकेच्या पाठीवर आपण लिहून दिलेलं अंदाजपत्रक मी देवघरात जपून ठेवलं आहे. ‘चेनलिंक, 5 फूट, रनिंग फूट 140, फुल अँड फायनल.’ पुढच्या बाजूला वधूवरांची नावं, मुहूर्त आणि भोजनाची वेळ. मागे एवढी एकच ओळ. लोक उगाच करारांवर स्टॅम्पपेपर वाया घालवतात.

आमची जागा रत्नागिरी जिल्ह्यात, कातळावर, पाच गुंठे. हेच पाच गुंठे चौरस असते तर चारी बाजू मिळून 295 फुटांत भागलं असतं. पण प्रत्येकाला रस्त्याचं तोंड मिळालं पाहिजे म्हणून आमच्या पणजोबांनी वाटणीत पट्ट्या पाडल्या: 33 फूट रुंद, 165 फूट लांब. क्षेत्र तेवढंच, कुंपण मात्र 396 फूट. न्याय पणजोबांनी केला, वरच्या एकशेएक फुटांचं बिल मी भरतो आहे. आपण टेप न काढता, स्कूटरवर बसूनच म्हणालात, “चारशे धरा साहेब.” नजर असावी तर अशी!

तर 396 गुणिले 140, म्हणजे 55,440 रुपये. या आकड्यावर आपण चहा घेतलात, ॲडव्हान्स घेतलात आणि “तुम्ही बिनधास्त मुंबईला जा” असा आशीर्वाद देऊन गेलात. मी गेलो नाही, याचा आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो.

पहिल्या खड्ड्याचा सोहळा मी डोळ्यांनी पाहिला. आपल्या पोरानं पहार घातली. चार बोटं लाल माती निघाली आणि ठण्ण! कातळ. त्यानं पहार खाली ठेवली, तंबाखू मळली आणि आपल्याला फोन लावला. आपण स्पीकरवर म्हणालात, “कातळाचा रेट वेगळा पडेल.” पलीकडच्याच वाडीत आपण लहानाचे मोठे झालात, पण गावात कातळ आहे ही बातमी आपल्याला त्याच क्षणी कळली असणार. दीड फुटाचा खड्डा नऊ इंचांवर थांबला, सिमेंटचा पोल उभा राहिला, बुडाशी दोन घमेली माल पडला आणि वरून माती थापली गेली. दुसऱ्या दिवशी हात लावला तर पोल पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. आपण दिलासा दिलात, “जाळी लागली की घट्ट होतो.” पोलनं जाळी धरायची असते, असा आमचा अडाणी समज होता.

पोल दर दहा फुटांवर असावेत, म्हणजे आमच्या जागेला चाळीस लागतात. आपण बारा-बारा फुटांवर तेहेतीस बसवलेत. सात पोल आपल्याकडे सुखरूप आहेत ना?

आता जाळीबद्दल सविस्तर बोललंच पाहिजे, कारण आपली खरी कला तिथेच. नमुना म्हणून जो तुकडा दिलात तो 10 गेजचा, तार सव्वातीन मिलिमीटर जाडीची. टेम्पोतून उतरला तो माल 12 गेजचा, तार 2.64 मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, ही इंग्रजांची उलटी रीत आपल्या धंद्याला किती लाभली! वर आपण छातीठोकपणे सांगितलंत, “साहेब, तुम्हाला दोन नंबर वरचा माल दिलाय.” खरंच आहे. दोन नंबर वरचा आणि एक तृतीयांश लोखंड कमी. तारेचं वजन जाडीच्या वर्गानं बदलतं. तीन इंची चौकटीची, पाच फूट उंचीची जाळी आमच्या जागेभोवती फिरवायची तर 10 गेजमध्ये तीनशे किलोच्या वर लागते, 12 गेजमध्ये दोनशेच्या थोडी वर. किलोला शंभर रुपये धरले तरी दहा हजारांचं लोखंड वाटेतच विरघळलं. बारीक तार वाईट असते असं मी म्हणत नाही. शेळ्या-कोंबड्या अडवायला ती पुरते. फक्त मग दामही बारीक घ्यावेत.

जस्ताच्या थराचं विचारलं तर म्हणालात, “चकाकते बघा ना!” चकाकी नवेपणाची असते भाऊ, ती प्रत्येक जाळीला असते. आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो. थर पातळ असेल तर जाळी आधी कापलेल्या टोकांशी आणि पिळांत तांबूस होते. अशा जाळीसाठी आयएस 2721 हे भारतीय मानक आहे, त्याचं नाव काढल्यावर आपण विषय पावसाकडे नेलात.

मग ‘त्यात धरलेलं नाही’ याचा पाढा सुरू झाला. जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यांवर आणि गेटवर येतो, तिथे तिरके टेकू नसतील तर पोल आत झुकतो. म्हणून दहा टेकू, 4,500. जाळीचं पोट सुटू नये म्हणून आडव्या तारा आणि डोक्यावर काटेरी तार, 9,000. कातळातले 43 खड्डे दोनशेप्रमाणे, 8,600. गाडीभाडं आणि चढउतार, 6,500. गेट 22,000, बिनगेटच्या कुंपणात मालकानं कुठून शिरायचं, हे त्या पत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं. बेरीज 1,06,040 रुपये, म्हणजे फुटाला 268. “बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी,” असंही आपण हळूच, एखादं गुपित सांगावं तसं सांगितलंत.

हद्दीच्या मोजणीला आपला ठाम विरोध होता. “गडगा आहे ना, मोजणी कशाला?” गडगा आहेच, पण चुलतभावाच्या मते तो दोन हात आमच्या बाजूला हवा आणि आमच्या मते दोन हात त्याच्या. त्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याचा अर्ज द्यावा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाव्यात, भूकरमापकानं खुणा दाखवाव्यात आणि मगच पहार घालावी. मोजणीची फी भरवते, एकदा उभं केलेलं कुंपण उपटून सरकवणं परवडत नाही.

राहता राहिले वानर. जाळी लागली की ते येणार नाहीत, असा शब्द आपण दिला होतात. ते आले. चौकटीत पाय ठेवत शिडीसारखे चढले आणि काटेरी तारेवरून थेट हापूसवर उडी मारली. रानडुकरानं वर चढण्याचे कष्ट घेतले नाहीत. जाळी जमिनीपासून वीतभर वर राहिली होती, तिथूनच ते आलं.

तेव्हा भाऊ, एवढं करा. नवं अंदाजपत्रक द्या, यावेळी कोऱ्या कागदावर. त्यात गेज, चौकट, जाळीचं एकूण वजन, पोलांची संख्या आणि खड्ड्याची खोली लिहा. गेट, टेकू, आडव्या तारा आणि कर धरूनच फुटाचा दर सांगा. रोल नाक्यावरच्या वजनकाट्यावर माझ्यासमोर चढतील. उरलेले पैसे सगळे पोल हलवून पाहिल्यावर मिळतील. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पावसाआधी मी दुसरा माणूस बघतो.

आपला,
पाच गुंठेवाला