दोन शेवभाजी आणि भाकरी

जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याजवळच्या एका ढाब्यावर मी ऑर्डर दिली, "दोन शेवभाजी आणि भाकरी." पोऱ्यानं शेवभाज्या दोन आणल्या, भाकरी एकच. त्याचं काय चुकलं? कंस माझ्या मनात होता, तोंडातून बाहेर पडलाच नव्हता.

समोर भाचा मोबाइलमध्ये अशाच भानगडीत अडकलेला: 8 ÷ 2(2 + 2). 2019 साली याच गणितानं जगभर भांडणं लावली होती. डावीकडून सरळ सोडवत गेलं तर 16. पण 2 आणि कंस यांच्यात चिन्हच नाही, म्हणून दोघांना एकाच घरचं धरलं, तर 1. कॅल्क्युलेटरांचंही यावर एकमत नाही.

"मामा, कंचेभागुबेव लावा ना!"

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळेत आम्ही हे रामरक्षेसारखं घोकलं, आणि तितकंच न समजता. याच क्रमानं, आधी बेरीज उरकून, 10 − 3 + 2 सोडवा. उत्तर येतं 5. खिशात दहा होते, तीन गेले, दोन आले, तर नऊ उरतात हे चहाच्या टपरीवरही कळतं. बेरीज-वजाबाकी दोघी बरोबरीच्या, डावीकडून जी आधी भेटेल ती आधी. पण एवढं त्या सहा अक्षरांत मावत नाही.

आकडे बोलताना मात्र आपली गाडी कधी घसरत नाही. पावणेदोनशे म्हटलं की 175. दोनशेतून पाव वजा करून 199.75 कोणी हातावर ठेवत नाही. साडेतीनशेचे कधी 300.5 झालेत?

शब्दांतलं गणित आपल्याकडे जुनंच. आमच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. 1207 च्या शिलालेखात तशी नोंद आहे. त्या आजोबांच्या 'लीलावती'त एक कोडं आहे. एका संख्येची तिप्पट करा, तिच्यात तिचाच पाऊण हिस्सा मिळवा, साताने भागा, आलेल्यातून तिसरा हिस्सा वजा करा, वर्ग करा, 52 वजा करा, वर्गमूळ घ्या, आठ मिळवा, दहाने भागा; आले दोन. सगळं श्लोकात. अधिक-उण्याचं चिन्ह नाही, कंस नाही, तरी भांडण नाही, कारण सांगणारा एकेक पायरी उतरत जातो. आपण उलटं चढत गेलो की वर 28 बसलेले. (टिश्यूपेपरवर दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं.)

तोवर पोऱ्या पुन्हा आला. या खेपेला मी सावध होतो. "दोन भाकरी," म्हटलं, "आणि ठेचा."

तो दोन बोटं वर करून थांबला. "ठेचा बी दोन का?"