कागदाला आग लागत नाही

म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षेची आपल्याकडे कोणाला फिकीर नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा सरकारी कपाटे उघडून पाहावीत. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांना पुरेल एवढा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने काढावा, असे सुचवले आहे. टप्पे कोणी मोजायचे, तेवढे लिहायचे राहिले.

वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आले. समितीकडे गेले, अहवाल आला, आणि २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही गेले. ज्येष्ठांचे विधेयक खाटेवर पडून पडून वारले. विषयाशी इतके इमान दुसऱ्या कोणत्या विधेयकाने राखले असेल?

आग प्रतिबंधक कायदा तर फारच व्यवस्थित. यंत्रणा ठीकठाक असल्याचे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा द्यायचे, जानेवारीत आणि जुलैत. आगीला मात्र हे वेळापत्रक कोणी कळवलेले नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. मग राज्यभर फायर ऑडिटचे फर्मान निघाले. नगरच्या जिल्हा रुग्णालयाचेही ऑडिट झाले. काय बसवायला हवे ते कागदावर आले, आणि कागदावरच राहिले. पाण्याचे फवारे छतापर्यंत पोहोचले नाहीत. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. कोरोनाच्या नव्याकोऱ्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी अकरा जण गेले, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यानंतर निलंबने झाली, चौकशी समिती बसली, डॉक्टर-परिचारिकांना अटकही झाली. ऑडिटचा अहवाल सहीसलामत होता. तो दुसऱ्या इमारतीत असतो.

ही सरकारी रुग्णालयाची कथा. आता भाड्याच्या बंगल्यात, दुसऱ्या मजल्यावर, ‘घरच्यासारखे वातावरण’ अशी पाटी लावून चालणाऱ्या सेवाकेंद्रात या. जेवण आणि खाट एवढेच असेल तर विषय सामाजिक न्याय खात्याचा. सलाइन लागले की आरोग्य खात्याचा. जिन्यात धूर दिसला की अग्निशमन दलाचा. तेव्हा आजींनी कोणत्या खात्यात पडायचे, हे आधी ठरवूनच पडावे.

आजी पडतातच. त्याला कारण देणगीदार. मावशी सांगतात, “साहेब, न्हाणीघरात धरायला दांडी पाहिजे, आजींचा पाय घसरतो.” साहेब विचारतात, “दांडीवर देणगीदाराचं नाव कुठं बसणार?” प्रश्न रास्त आहे. पंख्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिता येते, बाकावर लिहिता येते, पाण्याच्या टाकीवर तर वडिलांसकट आजोबाही मावतात. पंखा लावला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो बंद ठेवतात, ही गोष्ट वेगळी. चकचकीत फरशीही देणगीचीच. ती एवढी चकाकते की खुबा मोडण्याआधी आजींना स्वतःचा चेहरा दिसतो. नेत्याच्या वाढदिवसाला मात्र केळी येतात. एका केळ्यामागे चार हात आणि एक कॅमेरा. रात्रपाळीला दुसरी मावशी ठेवा म्हटले तर सगळे गप्प, कारण मावशीच्या पगाराचे उद्घाटन कसे करायचे, हे कोणालाच सुचत नाही.

आग विझवायची लाल बाटली असते. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. तिची पिन कशी ओढायची, हे ना मावशींना शिकवलेले, ना वॉचमनला. रात्री नऊला लोखंडी शटरला कुलूप लागते, कारण आजोबा विसरभोळे आहेत, बाहेर निघून जातात. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाच्या टपरीवर. शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात, देव राखण करतो म्हणतात. आमच्या वृद्धाश्रमात दार आहे, कुलूप आहे, तरी राखण देवावरच.

नगर जिल्ह्याने आता अहिल्यानगर हे नाव घेतले. ज्या अहिल्याबाई होळकरांचे हे नाव, चौंडीत जन्मलेल्या त्या बाईने काशीपासून सोमनाथपर्यंत घाट, धर्मशाळा, देवळे उभी केली. पाट्या बदलायला आपण कमी पडलो नाही. तिच्या नावाच्या जिल्ह्यात जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावायला काय हरकत आहे? हवे तर त्यावर कोणाचेही नाव लिहा.

शेवटी वृद्धाश्रमांच्या तपासणीबद्दल एक नम्र सूचना. सध्या ती सकाळी अकराला होते. आधी फोन येतो, चादरी बदलल्या जातात, पोहे होतात. ती रात्री दोनला करावी. अधिकारीसाहेबांनी दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर झोपावे, चष्मा आणि काठी कपाटात ठेवावी, हाताला सलाइनची नळी लावून घ्यावी. मग मेन स्विच बंद करावा आणि साहेबांनी किल्लीवाला वॉचमन शोधत रस्त्यापर्यंत यावे. अहवाल सकाळी लिहावा. लिहिण्याच्या अवस्थेत असतील तर.