ठाकुर्लीतला जपानी

नव्वद फुटी रस्त्यावर सकाळी फिरायला येणारा माणूस मान वर करतो, ती नव्या टॉवरचे मजले मोजायला. बागकाका मात्र खाली वाकतात आणि परक्या सोसायटीच्या कुंपणातून हात घालून जास्वंदीचं पान उलटं करून बघतात. ‘मावा आहे,’ असं तिथल्या वॉचमनला ऐकवतात आणि समाधानानं पुढे चालू लागतात.

बागकाका हे नाव नव्हे, पद आहे. निवृत्त, गुडघे शाबूत आणि कमिटीच्या निवडणुकीत पडलेला गृहस्थ या पदावर आपोआप नेमला जातो. आमचे तरुणपणी चोळ्याच्या पॉवर हाऊसात रेल्वेच्या नोकरीत होते, त्यामुळे झाडाशीही ड्युटीवर असल्यासारखे बोलतात. पूर्वी मावा, पिठ्या ढेकूण अशा घरगुती किडींवर त्यांचं भागत असे. मग मुलगा न्यू जर्सीत एडिसनला स्थायिक झाला. नातवाला सांभाळायला म्हणून काका-काकू उन्हाळाभर तिकडे राहिले आणि येताना काका जपानी भुंगा घेऊन आले. डोक्यात. विमानतळावर तेवढं तपासत नाहीत.

हा भुंगा आहे देखणा. चकचकीत हिरवं डोकं, तांबूस पंख, कडेनं पांढऱ्या केसांचे झुबके. जपानात त्याला खाणारे पुष्कळ, म्हणून तिथे बिचारा धाकात असतो. १९१६ साली तो न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत सापडला आणि मग त्याला रान मोकळं मिळालं. गुलाब, द्राक्षं धरून तीनशेच्या वर जातींची झाडं तो खातो. पानाचा गर खाऊन शिरांची नुसती जाळी ठेवतो. काका हे इतक्या अभिमानानं सांगतात, की मराठी माणसाच्या खालोखाल न्यू जर्सीत नाव काढलं ते यानंच, असं वाटावं.

अडचण एवढीच, की तो ठाकुर्लीत नाही. पण एवढ्यावरून मोहीम रद्द झाली तर ते बागकाका कसले! त्यांनी तिकडून आणलेला वासाचा सापळा पारिजातकाला टांगला. या सापळ्याची गंमत अशी, की तो जेवढे भुंगे पकडतो त्याहून जास्त लांबून बोलावून घेतो. म्हणून अमेरिकेतले जाणकार म्हणतात, सापळा शेजाऱ्याला भेट द्यावा. आमच्या सापळ्यात पहिल्या मजल्यावरून पडलेला एक पायमोजा तेवढा सापडला. काकांनी त्याचाही फोटो काढून ठेवला.

मग वळीव झाला. अंधार पडता पडता गेटजवळच्या कडुनिंबावर घरघर सुरू झाली. काकांनी टॉर्च मारला आणि ओरडले, ‘‘आले! जपानी आले!’’

वॉचमन सांगलीकडचा. तो स्टुलावरून न उठता म्हणाला, ‘‘काका, हुमणीचे भुंगेरे हायती. आमच्यात पहिल्या पावसाला लिंबावर न्हाईतर बाभळीवर येत्यात. फांद्या हलवायच्या, पडलेले गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. न्हाईतर अंडी घालत्यात, आणि अळी उसाची मुळं खाती.’’

‘‘तुमच्याकडचा तपकिरी असतो.’’

‘‘ह्योबी तपकिरीच हाय की!’’

‘‘रात्री हिरवा रंग दिसत नाही,’’ काका म्हणाले.

काकूंची धुवट चादर झाडाखाली पसरली गेली. बादलीत पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड आलं. काकांनी बांबूनं फांद्या झोडपल्या. चादरीवर थोडे पडले, बाकीचे आठ-चाळीसच्या स्लो लोकलनं येऊन गेटातून शिरणाऱ्यांच्या डोक्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी किंचाळल्या, तेव्हा काकांनी त्यांना घाबरू नका म्हणून सांगितलं आणि केसातला भुंगा नमुना म्हणून मागून घेतला. काकू खिडकीतून एवढंच म्हणाल्या, ‘‘चादर परत घरात आणू नका.’’

या सगळ्यात मागच्या नारळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याची नवी झावळी उलगडली ती कात्रीनं कापल्यासारखी, पंख्याच्या आकाराची. नारळ उतरवायला आलेल्या माणसानं शेंड्यातल्या भोकात तारेचा आकडा घालून शिंगवाला काळा गेंड्या भुंगा ओढून काढला, कोवळ्या पानांच्या बेचक्यात वाळूबरोबर डांबरगोळ्या ठेवल्या आणि खाली आल्यावर विचारलं, ‘‘शेणखताचा खड्डा कुठं आहे? हा तिथंच वाढतो.’’

सोसायटीत खड्डा एकच. काकांचा. ओल्या कचऱ्याचा, स्वतःच्या हातानं खणलेला, वर ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेला. वॉचमननं फावडं मारलं आणि आत वेटोळं करून पडलेल्या पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या अळ्या निघाल्या. त्यात मेटाऱ्हायझियम बुरशी मिसळावी, हा कोकणातल्या नारळवाल्यांचा ठरलेला उपाय. तो सांगायला सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण काका खड्ड्यात उतरलेसुद्धा होते. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला: ‘खड्ड्यातील घुसखोरीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली आहे. अध्यक्ष – बागकाका. साक्षीदारांनी रविवारी सकाळी दहा वाजता यावे. जुनी चादर आणावी.’