कचऱ्याची बादली सगळं सांगते

अहो वहिनी, जरा भिंतीशी या ना. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. कोपऱ्यावरच्या वकिलांकडे काल रात्री जो धाडकन आवाज झाला, तो सिलिंडर नव्हता, फटाकाही नव्हता. बायोएन्झाइमची बाटली फुटली!

मला कसं कळलं म्हणजे? सकाळी कचरा न्यायला ताई येतात ना, त्यांच्याकडून. काचा मात्र कागदात नीट गुंडाळून, सांगून दिल्या हो वकीलबाईंनी, ते मान्य करायला हवं. प्रकार असा की लिंबाची, मोसंब्याची सालं तीन वाटे, गूळ एक वाटा, पाणी दहा वाटे असं घालून तीन महिने मुरवायचं. मग ते फरशीला, मोरीला वापरायचं. पण सुरुवातीचा महिनाभर गॅस धरतो, रोज झाकण सैल करावं लागतं. यांनी घेतली काचेची बाटली, बूच लावलं गच्च आणि नवराबायको मध्ये महाबळेश्वरला जाऊन आले! प्लॅस्टिकची बरणी घ्यायची, वर थोडी जागा सोडायची, एवढं साधं आहे.

नाही, मी नावं ठेवत नाहीये. निदान सालं तरी सत्कारणी लावायला निघाले बिचारे. त्या पलीकडच्या बंगलीत बघा, सगळं पर्यावरणपूरक हवं. बांबूचे ब्रश, बांबूचे चमचे, नारळाच्या करवंटीचे बाऊल. ताई सांगत होत्या, सगळं घरपोच येतं, फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणि वर हातभर चिकटपट्टी. करवंटी पुण्यात नारळ फोडला की मिळते हो, ती का मागवायची?

पण मला खरा राग येतो तो भाडेकरूंच्या बाळाचे डायपर येतात त्याचा. तसेच, उघडे, भाजीच्या देठांत. शिकलेली माणसं! ताई हातानं वेगळं करतात ते. आपल्याकडे येतात त्या ‘स्वच्छ’च्या, म्हणजे कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे ती. 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायला लागल्या. त्यांची संघटना तर त्याच्याही आधीची, 1993 ची, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. सगळ्या गल्लीचा ओला, सुका त्यांच्या हाताखालून जातो आणि आपण नाकाला रुमाल लावून दार लावतो. पॅड, डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. म्हणजे ताई पुडकं उघडतच नाहीत. एक स्केचपेन बादलीशेजारी टांगून ठेवलं की झालं. मी त्या बाळाच्या आईला सांगणार आहे. गोड शब्दात सांगेन हो, काळजी करू नका.

तुम्हाला माहितीये ना, आमच्या जाऊबाईंचं माहेर फुरसुंगीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलेय. पुढे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला पडत राहिला, डोंगर झाले. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यानं विहिरी बिघडल्या. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की आपण इकडे वैतागायचो, ‘गाडी का आली नाही?’ म्हणून. जाऊबाईंसमोर मी एकदाच बोलले तसं. पुन्हा नाही बोलले.

म्हणून मी ओलं घरातच जिरवते. अहो, वास कसला येतो? वास येतो तो पाणी साठल्यावर. बादलीला तळाशी, बाजूंना भोकं हवीत, खाली ताटली हवी. भाजीचा कचरा एक थर, वर त्याच्या दुप्पट सुकी पानं चुरून. मधूनमधून आंबट ताक शिंपडायचं आणि आठवड्यातून काडीनं वरखाली करायचं. आमटी ओतायची नाही, मटणाची हाडं घालायची नाहीत. दीड-दोन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीला येतो तसा वास यायला लागतो. अळ्या दिसल्या म्हणून किंचाळू नका. त्या राखाडी, जाड्या अळ्या तर भराभर कचरा संपवतात, आपल्याला काही करत नाहीत. फारच झाल्या तर पानं वाढवा. माझी सून आधी ओरडायची, आता तीच झाकण उघडून बघते, झालं का म्हणून.

बाकी काय, पिशवी. 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा सगळ्यांनी कापडी पिशव्या शिवल्या होत्या. आता मंडईत बघा, पुन्हा पातळ पिशव्या. मी ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत दोन पिशव्या कायमच्या ठेवल्यात, कारण घरातली पिशवी घेऊन जा असं पुरुषमाणसाला सांगून काही होत नाही. आणि हो, ह्यांना वडे आणायला डबा देते. पेपरात बांधून आणलेले वडे बंद! शाईत शिसं असू शकतं, तेलकट गरम वडा ती शोषून घेतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये पुन्हा बजावून सांगितलंय. वडेवाल्याला डबा दिला तर तोही खूश, त्याचा कागद वाचतो.

रिठे? तुमच्या पैठणीसाठी विचारता होय. रात्री भिजत घाला, सकाळी बिया काढून त्याच पाण्यात उकळा, कुसकरा, गाळा. फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नका, मळ निघतो. पण जुनी पैठणी असेल तर आधी कोपऱ्यावर थेंब टाकून रंग बघा. खरी जरीची असेल तर मी हात लावणार नाही बाई, सरळ जाणत्याकडे द्या. दागिने मात्र त्यात खुशाल धुवा, सोनारही रिठ्याचंच पाणी वापरतात. डोळ्यात नका जाऊ देऊ, फार झोंबतं.

नवीन जोडप्याकडचं ऐकलंत का? आधी रोज काळे डबे यायचे बाहेरच्या जेवणाचे, ताईंची पिशवी भरायची त्यांच्याच कचऱ्यानं. आता आठवडाभर एकही नाही. म्हणजे एकतर स्वयंपाक सुरू झालाय, नाहीतर ती माहेरी गेलीये. मला वाटतं स्वयंपाक, कारण मेथीची देठं आहेत ओल्या कचऱ्यात.

बरं, तुमच्या बदामाची पानं परवा तुमच्या माळीबुवांनी पेटवली होती. त्या धुरानं आमच्या सासूबाई रात्रभर खोकल्या, खरं सांगते. आणि मी इकडे सुक्या पानांसाठी वणवण फिरते! पोत्यात भरून भिंतीवरून टाकत जा की. बदल्यात खत? देईन, पण पोतंभर पानांचं पोतंभर खत होत नाही हो वहिनी, फारतर एक डबा होईल. बघा, पटतंय का.