रोडगे, फक्त दोघांसाठी

हिवाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींचा सुळसुळाट होतो. एक, वावरात शिरणारी रानडुकरं. दुसरी, शहरातल्या माणसांसाठी छापल्या जाणाऱ्या याद्या. डुकरं निदान रात्रीच येतात. याद्या भर सकाळी, चहाच्या वेळेला येतात.

"या वीकेंडला यवतमाळात अनुभवायलाच हव्यात अशा दहा गोष्टी!" असा मथळा. खाली तिरप्या उन्हातला फोटो. फोटोत एक म्हातारा. म्हाताऱ्याचं नाव कुठेच नाही, फोटो काढणाऱ्याचं मात्र दोनदा आहे.

पहिल्या तीन क्रमांकांबद्दल आमची काही तक्रार नाही. एक नंबरला तर्री-पोहे आहेत, ते नागपूरचे. दोन नंबरला संत्रा बर्फी आहे, तीही नागपूरची. तीन नंबरला कचोरी आहे, ती शेगावची, आणि शेगाव बुलडाणा जिल्ह्यात आहे. म्हणजे यवतमाळात अनुभवायच्या पहिल्या तीन गोष्टींत यवतमाळचं काहीही नाही. चालायचंच. नगर ओलांडलं की पुढे सगळं नागपूरच, हा भूगोल आम्हाला सवयीचा आहे. घोडं अडलं ते चौथ्या नंबरला.

"जगऱ्यावरचे अस्सल वऱ्हाडी रोडगे. दोघांसाठी. रु. 1,499. शांत, खासगी अनुभव."

रोडगे. दोघांसाठी. खासगी.

ज्यांनी रोडगे खाल्लेत त्यांना पुढचं काही सांगायला नको, त्यांचा घास एव्हाना घशात अडकला असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात. गव्हाचं जाडं भरडं पीठ घ्यायचं. त्यात ओवा, मीठ आणि हात आखडता न घेता तेलाचं मोहन. कणीक घट्ट मळायची, पोळी लाटून तेल लावायचं, एकात एक गुंडाळत चार-पाच पदरांचा गोळा करायचा. इकडे गोवऱ्यांची रास पेटवून द्यायची. धूर सरून लाल निखारा झाला की त्या जगऱ्यात गोळे पुरायचे. खरपूस झाले की काढायचे, गोणपाटात घालून राख झटकायची, हाताने फोडायचे आणि वाफ निघत असतानाच वर तुपाची धार धरायची. सोबत वांग्याची भाजी, जिच्यावर बोटभर तेल तरंगत नसेल तर ती बिमार माणसासाठी केली आहे असं समजतात. आणि वरण. हे सगळं मारोतीच्या देवळापुढे किंवा वावरात, पळसाच्या पत्रावळीवर, मांडी घालून. करणारे बहुतेक बाप्येच, आणि प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त कळत असतं. हा जगरा पाच गोवऱ्यांत होत नाही. त्याला रास लागते, रास लावायची तर रोडगे शेकड्याने लागतात, आणि शेकड्याने रोडगे संपवायला गाव लागतं. एवढं साधं गणित आहे. म्हणून तर नवस फेडायला रोडगे करतात. देवाला खूश करायचं तर गावाला जेवू घालावं लागतं, अशी ही व्यवस्था.

आता ही यादी वाचून एखाद्या उत्साही जोडप्याने गावातल्या आचाऱ्याला थेट फोन लावला, तर काय होईल?

"हॅलो, काका, रोडग्यांची चौकशी करायची होती."

"बोला. किती पायलीचे?"

"पायली? नाही हो, आम्ही दोघंच आहोत."

"हौ, तुमी दोघं. पन लोकं किती?"

"दोघंच."

फोनवर बराच वेळ काही नाही. मग आवाज जरा खाली. "गावाशी भांडन हाये काय भाऊ?"

"छे, छे! आमची ॲनिव्हर्सरी आहे."

"मंग गावाले काहून उपाशी ठेवता?"

यावर शहराकडे उत्तर नाही. पण शहर हार मानत नाही. ग्राहकाने मागितलं म्हणजे ते मिळालंच पाहिजे, आणि एकदा दोघांचे रोडगे करायचे ठरलं की मग सगळंच दोघांच्या मापाचं करावं लागेल. जगरा सव्वा गोवरीचा. वांगं एक, तेही देठ काढून. पंगतीला एकाने बसायचं आणि दुसऱ्याने वाढायचं, मग दुसऱ्याने बसायचं आणि पहिल्याने "घ्या हो, अजून एक घ्या, लाजू नका" असा आग्रह करायचा. आग्रह मोडून काढायला तिसरं कोणी नसल्याने पहिल्या दहा मिनिटांतच दोघंही पाच-पाच रोडग्यांवर जाणार आणि उरलेली सुटी आडवे होऊन काढणार. भजनी मंडळ हवंच, पण टाळ एकच, त्याचंही अर्धं पान. भोंगा लावायचा, फक्त आवाज हेडफोनमध्ये. पंगतीच्या कडेला ताटकळणारं कुत्रं लागतं, तर एक लहान जातीचं, लस टोचलेलं कुत्रं भाड्याने. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याशी वाद घालणारा एक मावससासरा लागतो, त्याचे दोनशे रुपये जास्त. पंगत उठल्यावर "मागच्या वर्षी याहून ब्येस झालते" असं म्हणायला एक म्हातारा लागतो. तो फोटोतला घेता येईल, त्याला नाव नाहीच. आणि नवसाचं काय? नवस बोललेलाच नाही तर मारोती कशाचा फेडून घेणार? तेव्हा पॅकेजमध्ये एक तयार नवस घालावा लागेल. वाहनतळ मिळू दे, मॅनेजर बदलू दे, असं काहीतरी शहरी, तीन पर्यायांतून एक निवडा, आणि देवाने ऐकलं नाही तर चोवीस तासांत पैसे परत.

प्रत्यक्षात मिळतं ते असं. विजेच्या भट्टीत भाजलेला एक गोळा, चार तुकड्यांत कापलेला. काळ्या दगडी पाटीवर वांग्याचा एक चमचा लगदा. वर सांबाराची दोन पानं. शहरात त्याला कोथिंबीर म्हणतात आणि भाजीवाल्याकडून फुकट मागतात, इथे तिचे पैसे पडतात. वर काचेचं घुमटाकार झाकण. झाकण उचललं की आतून गोवरीचा धूर भसकन बाहेर येतो आणि जोडपं डोळे मिटून "आहाहा" म्हणतं. याच धुराने ज्यांच्या आईचे डोळे गेले, तेच हे झाकण उचलायला उभे असतात, पांढरे हातमोजे घालून.

1,499 रुपये. आम्ही कापसाच्या जिल्ह्यातली माणसं, आम्हाला कुठलीही रक्कम कापसात बदलून पाहायची खोड आहे. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे ती पाटी, तो लगदा आणि तो धूर मिळून झाला साडेअठरा किलोच्या आसपास कापूस. तोही हमीभाव मिळाला तर. ओलावा जास्त आहे, नोंदणी झाली नाही, खरेदी केंद्र अजून उघडलं नाही, असं ऐकून ज्याने व्यापाऱ्याला माल टाकला त्याच्यासाठी हिशोब आणखी वर जायचा. बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा करून काय उरतं ते यादीत नाही. त्याचा फोटो चांगला येत नसावा.

खाण्यानंतर यादी गाण्याकडे वळते. "कोलाम आदिवासींची दंडार, लाइव्ह, 20 मिनिटं." दंडार दिवाळीच्या सुमाराला पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, उभी राहते. बाप्ये बायकांची सोंगं घेतात, ढोल घुमतो, आणि रात्र सरली तरी सोंग सरत नाही. तिचं वीस मिनिटांत काय करायचं? ढोल गरम होतो न होतो तोच गाडी निघाली. पुढे "बंजारा लेंगी, वर्षभर उपलब्ध." लेंगी तांड्यावर होळीला म्हणतात, पण पाहुणा डिसेंबरात आला तर तांड्याने डिसेंबरात होळी पेटवावी, अशी अपेक्षा. आणि मग सातवा नंबर, ज्याने आमचं डोकं खरोखर फिरवलं. "पोळ्याच्या झडत्या: ग्रामीण महाराष्ट्राची रॅप बॅटल! खास हिवाळी पोळा, सजवलेल्या बैलांसह."

पोळा श्रावणाच्या अमावास्येला असतो. आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकून, तूप-हळद लावून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. बैलालाही. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि मग एकेक जण पुढे येऊन झडती फेकतो. पाऊस, बायको, सावकार, पुढारी, कोणी सुटत नाही. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं, त्याला त्या एका दिवशी भर गावात, तोंडावर ऐकवता येतं, आणि शेवटी महादेवाचा गजर झाला की त्याला रागही धरता येत नाही. ही झडती. ती आता भाड्याच्या बैलांपुढे, हिरवळीवर, जेवणाआधी. आणि आयोजकाची नम्र सूचना: विषय सकारात्मक ठेवावेत, कर्ज वगैरे शक्यतो टाळावं, पाहुणे सुटीवर आलेले असतात.

पाहुणे सुटीवर असतात, हे खरं. कर्ज मात्र सुटीवर जात नाही. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. कोणी पाठीवर पंप घेऊन, अंगात साधा सदरा, तोंडाला गमछा, अशा अवस्थेत डोक्याएवढ्या उंच कपाशीत शिरले होते. पुढच्या पोळ्याला त्याच्या झडत्या झाल्या नसतील तर कशाच्या झाल्या असतील? तुम्हाला झडती हवी, पण झडतीतला माणूस नको. ढोल हवा, पोडावर जाणारा रस्ता कसा आहे ते नको. रोडगा हवा, पंगतीत शेजारी कोण बसतो ते नको. आणि हे सगळं नकोनको करून जे उरतं त्याला तुम्ही "संस्कृती" म्हणणार, "जपली पाहिजे" म्हणणार आणि पाच तारे देणार. ठेवा ते तारे तुमच्याजवळ.

ताऱ्यांवरून आठवलं. आठवा नंबर: "शेतातल्या मचाणावर एक रात्र. शहरात न दिसणारं आकाश पाहा." इकडे त्याला जागल म्हणतात. आकाश पाहायला कोणी जात नाही. रोही आणि डुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून जातात, आणि पंपाला वीज रात्रीच मिळणार असेल तर ओलित करायला जातात. टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांत तर मचाणाखालून कोण चाललंय, डुक्कर की वाघ, याचाही अंदाज घ्यावा लागतो. हा अनुभव घ्यायचाच असेल तर आमची ना नाही. फक्त त्याचे पैसे पाहुण्याने देऊ नयेत, मजुरी घ्यावी. रात्रभर डबा वाजवावा, सकाळी पावती फाडून घ्यावी.

नववा नंबर आठवणवस्तूचा. "कपाशीच्या बोंडांची सुकवलेली जुडी, दिवाणखान्यातल्या फुलदाणीसाठी." ही आमची पऱ्हाटी. हंगाम संपला की उपटतो आणि चुलीत घालतो. शहरात तिच्या पाच काड्यांना रेशमी फीत बांधून विकतात. बोंडअळीने अर्धवट उमललेली बोंडंही चालतात म्हणे, ती "नैसर्गिक" दिसतात. वर्षभर राबून कापसाला मिळाले नाहीत ते पैसे काडीला मिळतात हे कळल्यापासून काही तरुण मंडळी कापूस वेचावा की नुसताच झाडावर ठेवावा, या विचारात आहेत.

दहावा नंबर: "कसं पोचाल?" इथे मात्र यादी एकदम प्रामाणिक होते. धामणगावला उतरा, तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर गाडीने. धामणगाव अमरावती जिल्ह्यात. म्हणजे यवतमाळला पोचायलाही दुसराच जिल्हा लागतो. मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, आमची शकुंतला, कधीच बंद पडली. वर्धा-नांदेड मार्गाचा वर्ध्याहून कळंबपर्यंतचा तुकडा 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. म्हणजे मोठी रेल्वे कळंबच्या चिंतामणीच्या दारात आली आणि तिथून यवतमाळकडे टक लावून बघत बसली. तिच्यावर कोणी यादी करत नाही. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि 2018 च्या उन्हाळ्यात अख्खं यवतमाळ शहर टँकरमागे धावलं, तेव्हाही "यवतमाळात अनुभवायच्या दहा गोष्टी" कुठे छापून आल्या नाहीत. मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशाचं ऊन, रिकामी घागर, टँकरपुढची रांग. यापेक्षा अस्सल काय असतं?

आणि उलट्या दिशेने कोणी यादी करतं का? दरवर्षी पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडची पोरं एसटीच्या नाहीतर खासगी गाडीच्या मागच्या सीटवर पुण्याला जातात. स्पर्धा परीक्षेला, कॉलेजला, नोकरीला. त्यांना कुठली मेस परवडेल, कुठला घरमालक डिपॉझिट बुडवणार नाही, "मले", "तुले" म्हटल्यावर कोण हसणार नाही, याची कोणी शिफारस केली? "पुण्यात यवतमाळच्या पोराने अनुभवायलाच हव्यात अशा दहा गोष्टी" कोणी लिहीत नाही. त्या त्याला न लिहिताच अनुभवायला मिळतात.

तेव्हा शहरवासीयांनो, या. यवतमाळने पाहुण्याला कधी दारातून परत धाडलेलं नाही. पण पॅकेज घेऊन येऊ नका, कोणाच्या तरी घरी कळवून या. शनिवारी एखाद्या गावात मारोतीपुढे गर्दी दिसली तर बेधडक पंगतीत बसा, तिकीट नाही. जेवण झालं की हात धुऊन गाडीत बसू नका, पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहा. तिथे जे कानावर पडेल ते दहा क्रमांकांत बसणारं नसेल. आणि जानेवारीत आलात तर तूर निघालेली असेल. पाच-दहा किलो थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि सांगेल त्या भावाने घ्या. दीड हजाराच्या धुराला घासाघीस केली नाहीत, तुरीलाही करू नका.