छत्तिसाचा आकडा

फिल्मच्या रोलमध्ये फोटो ३६. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपे, आणि धुऊन आला की मोदकांमागोमाग थेट चकल्या दिसत. डोळे मिटलेले काका कायमचे मिटलेलेच राहत. कुणाची तक्रार नसे.

परवा डिजिटल घ्यायला गेलो. "किती मेगापिक्सेल देऊ काका?" दुकानातल्या पोरानं विचारलं, जणू बासमती जोखतोय. म्हटलं, माझी जुनी ५० मिलिमीटरची लेन्स चालेल? चालेल म्हणाला, फक्त या लहान सेन्सरवर ती ७५ सारखी वागेल. म्हणजे दिवाणखान्यातल्या ग्रुप फोटोसाठी मला शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उभं राहावं लागणार! फुल फ्रेमची किंमत ऐकून तर मीच एक्स्पोज झालो.

१९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं बनवलेला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पण पोटाला फिल्मच घालत होती, म्हणून कंपनीनं त्याची घाई केली नाही. २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज मात्र वेळेवर केला.

शेवटी घेतला एकदाचा. नातीच्या बारशाला ८०० फोटो काढले. काकांचे डोळे ७९९ मध्ये मिटलेले आहेत. उरलेल्या एकात काका नाहीत.