अध्यक्ष, लॉन उपसमिती

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आप्पा प्रत्येक सोसायटीत असतातच. नसले, तर बिल्डरने फसवलं असं समजावं. उभ्या नोकरीत त्यांनी कालवे आखलेले असतात. आता उरलेलं लाभक्षेत्र म्हणजे पार्किंगमागची 20 मीटर बाय 10 मीटरची हिरवळ.

‘लॉनला चार स्प्रिंकलर बसवावेत’ हा ठराव सभेत दोन मिनिटांत मंजूर होतो. आप्पांना तो अमलात आणायला आठ महिने लागतात. तोवर माळी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हवा तसा फवारा उडवत असतो, पण अंगठ्याला कॅटलॉग नसल्यामुळे आप्पा त्याची दखल घेत नाहीत.

“किती प्रेशर मागतो?” हा त्यांचा दुकानातला पहिला प्रश्न.

“काका, पाणी आलं की फिरतो.”

अशा माणसाकडून आप्पा वॉशरसुद्धा घेत नाहीत. उलट त्यालाच ऐकवतात, की हा टकटक करत फिरणारा फवारा 1933 साली कॅलिफोर्नियातल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या बागायतदाराने बनवला. पाण्याची धार दांडीला ढकलते, स्प्रिंग तिला परत आणते आणि प्रत्येक टोल्यासरशी नोझल जरासं सरकतं. मागचं गिऱ्हाईक तोपर्यंत दोन बादल्या घेऊन गेलेलं असतं.

मग हिशेब. गच्चीवरची टाकी 15 मीटर उंच. दर 10 मीटरला साधारण एक किलो दाब, म्हणजे खाली जेमतेम दीड. टोलेवाल्याला बहुधा दोनच्या पुढे लागतो. “चारही एकदम सोडले तर लाळ गाळतील नुसती!” शिवाय गवताला 5 मिलिमीटर पाणी द्यायचं तर 200 चौरस मीटरला हजार लिटर झाले. हा आकडा त्यांनी टँकरच्या दिवसांत सभेत सांगितला, तेव्हा खजिनदारांनी पाण्याचा ग्लास मागवला आणि अर्धाच प्यायले.

शेवटी बूस्टर पंप लावून चाचणी ठरली. पाणी सगळीकडे सारखं पडतं का, ते मोजायला लॉनभर भांडी मांडायची. आप्पांनी घरोघरी फिरून 32 वाट्या जमवल्या, त्याही उभ्या काठाच्याच. पसरट काठाच्या वाटीने माप चुकतं म्हणून तीन घरच्या परत केल्या. वारा नसताना, पहाटे सहाला, मोजून पंधरा मिनिटं फवारे चालले. फूटपट्टी बुडवत आप्पा वाकून फिरत होते. मधे 9 मिलिमीटर, कोपऱ्यात 2. सर्वाधिक पाऊस सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर.

दोष आप्पांना लगेच सापडला: एका फवाऱ्याची धार दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोचायला हवी, इथे अंतरच जास्त. आप्पा तो सांगणार, एवढ्यात 304 मधून आलेल्या वाटीवर 102 मधल्या सासूबाईंचं नाव कोरलेलं निघालं. वाटी दोन वर्षांपूर्वी शिकरण घेऊन वर गेली होती.

चाचणी तिथेच थांबली. अहवालात मात्र नोंद आहे: ‘वाटी क्र. 17 वादग्रस्त. वाचन ग्राह्य धरू नये.’